नवजात अर्भकसेवा, गृहाधारित
जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत प्रशिक्षित आरोग्यसेविकेने घरी येऊन घेतलेली अर्भकाची काळजी. पहिल्या वर्षातील मृत्यूंपैकी बहुसंख्य याच काळात घडतात. अकालप्रसूती, श्वासावरोध व जंतुसंसर्ग ही त्यांची प्रमुख कारणे होत. १९९० नंतरच्या दशकात ग्रामीण गडचिरोलीत बहुतेक प्रसूती घरीच होत व आजारी अर्भक क्वचितच रुग्णालयात नेले जाई. म्हणून अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५–९८ मध्ये ३९ गावांत तेथील स्त्रियांनाच प्रशिक्षण दिले. वजन घेणे, ऊब देणे, मुखवट्याद्वारे हवा देऊन श्वास सुरू करणे व संसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाची अंतःक्षेपणे देणे ही कामे त्या करीत. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युमान, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून भारतात ‘आशा’ सेविका अशा गृहभेटी देतात.