चार पेन्सिल सेलचा हिशेब

कुठलंही खेळयंत्र हातात आलं, की मी आधी सेलचं झाकण उघडते. यंत्र कुणासाठी बनवलंय, हे तिथंच कळतं. निन्टेन्डोच्या गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात आणि त्यांवर तो पंधरा तासांच्या आसपास चालतो. पॉलिटेक्निकच्या मुलांना डिझाइन शिकवताना मी याच आकड्यापासून सुरुवात करते, कारण या यंत्राची बहुतेक वैशिष्ट्यं त्यातूनच निघाली आहेत.

तो एप्रिल १९८९मध्ये जपानात विक्रीला आला. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांचे पडदे रंगीत, आतून उजळलेले. पण दोघं सहा सेल चार-पाच तासांत संपवायचे. शाळकरी पोराला दर दोन दिवसांनी सहा सेल कोण आणून देणार? गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई १९६५मध्ये निन्टेन्डोत लागले, ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. त्यांचं मत असं, की नवलाईच्या महागड्या तंत्रज्ञानामागे न लागता जुनं, स्वस्त, पूर्ण ओळखीचं झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याला नव्या कामाला लावावं. यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाचं हे शहाणपण आहे आणि मला ते मनापासून पटतं.

पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, आणि आत दिवा नाही. सगळी भिस्त बाहेरच्या उजेडावर. खिडकीपाशी झकास दिसतं, रात्री पांघरुणात काही म्हणता काही दिसत नाही. वेगानं सरकणारं चित्र मागे धूसर शेपूट ठेवून जातं, त्यामुळे हा पडदा उत्तम होता असं मी कधी म्हणणार नाही. पण मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४मध्ये रचलेल्या टेट्रिस या खेळाला याहून जास्त लागतच नाही. ठोकळे सावकाश खाली येतात आणि रंगावरून नव्हे, आकारावरून ओळखू येतात. अमेरिकेत हा खेळ यंत्रासोबतच मिळायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात मिळणारा ‘ब्रिक गेम’ही याच पडत्या ठोकळ्यांवर चालायचा.

डावीकडची अधिक चिन्हासारखी कळ योकोईंनी आधी १९८२च्या डाँकी काँगच्या छोट्या यंत्रासाठी केली होती. ती मधल्या टेकूवर झुकते, म्हणून डावं आणि उजवं एकदम दाबलं जात नाही. कळांखाली टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तशाच रबरी गाद्या आहेत. आवाजाला एकच स्पीकर, हेडफोन लावला तर मात्र स्टीरिओ.

माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट वर, चालू-बंदच्या खटक्यात आहे. खटका सरकवला, की प्लास्टिकची एक जीभ खेळ साठवलेल्या कार्ट्रिजच्या खाचेत शिरते. यंत्र चालू असताना कार्ट्रिज उपसताच येत नाही. त्यानंतर कंपनीचं नाव पडद्यावर खाली घरंगळत येतं. ते नाव यंत्र कार्ट्रिजमधून वाचतं, आपल्याजवळच्या नोंदीशी ताडून पाहतं आणि जुळलं नाही तर तिथंच थांबतं. नकली कार्ट्रिज रोखण्यासाठी ही युक्ती होती. मला तिचा उपयोग निदानासाठी होतो. नावाची अक्षरं फाटकी दिसली तर कार्ट्रिजच्या पट्ट्या मळल्या आहेत असं समजावं. त्यावर फुंकर मारू नये, तोंडातली वाफ धातूला लागते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावं.

दोन यंत्रं जोडणारी वायरही होतीच. सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. वायरीतून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात जातोय, अशी कल्पना त्यांना सुचली आणि १९९६मध्ये पोकेमॉन हा प्राणी गोळा करण्याचा खेळ आला. लाल आणि हिरव्या आवृत्तीत काही प्राणी वेगवेगळे ठेवले होते. संग्रह पुरा करायचा तर वायरीतून अदलाबदल करायला दुसरं मूल शोधावंच लागायचं.

हा संग्रह जपतो तो पाचवा सेल, कार्ट्रिजच्या आत सोल्डर केलेला, चपटा नाण्यासारखा. तो संपला, की खेळाची नोंद पुसली जाते. घरात असं जुनं कार्ट्रिज असेल तर सेल बदलण्याआधी कार्ट्रिज-रीडर लावून नोंद संगणकावर उतरवून घ्या, कारण सेल काढताच तीही जाते.