एल कॅमिनो : हौदा असलेली दमदार मोटार

शेव्हरोले एल कॅमिनो ही समोरून पाहिली तर दोन दारांची ऐटबाज मोटार आहे आणि मागून पाहिली तर उघड्या हौद्याची मालवाहू गाडी. नेहमीच्या पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगवेगळे बनवून ट्रकच्या जाड चेसिसवर बसवतात. एल कॅमिनोत दोन्हींचा पत्रा एकसंध असतो आणि खालची चेसिस, सस्पेन्शन, स्टिअरिंग, डॅशबोर्ड हे सारे प्रवासी मोटारीचेच असते. त्यामुळे ती ट्रकसारखी धक्के देत चालत नाही.

या जातीच्या गाडीचा उगम ऑस्ट्रेलियातला. जिलाँग येथील फोर्ड कारखान्यातील लुईस बँट या तरुण आरेखकाने 1934 मध्ये मोटारीला हौदा जोडून पहिली ‘यूट’ तयार केली. रविवारी कुटुंबाला चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरे बाजारात पोचवील अशी गाडी एका शेतकऱ्याच्या पत्नीने पत्र लिहून मागितली होती, असे सांगितले जाते. अमेरिकेत फोर्डने 1957 च्या मॉडेलात रँचेरो आणली. तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेने 1959 च्या मॉडेलात एल कॅमिनो काढली, पण दोनच वर्षांत ती बंद केली. 1964 मध्ये शेव्हेल या मध्यम आकाराच्या मोटारीच्या पायावर ती परत आली आणि 1987 पर्यंत टिकली.

शेव्हरोले हे नाव मुंबईच्या हिंदमाता-परळ परिसराला परके नाही. हिंदमाताच्या पूर्वेला, जवळच असलेल्या शिवडीत शेव्हरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, 1928 साली भारतातील पहिला मोटारजोडणी कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने येत आणि शिवडीत त्यांच्या मोटारी व ट्रक होऊन बाहेर पडत. पुढे, केवळ जोडणी न करता भागही देशातच बनवावेत असे धोरण केंद्र सरकारने 1953 मध्ये ठरवले. कंपनीने ते स्वीकारले नाही आणि 1954 मध्ये कारखाना बंद झाला. एल कॅमिनोचा जन्म त्यानंतरचा, म्हणून शिवडीच्या यादीत तिचे नाव नाही. महाराष्ट्रात मात्र याच कल्पनेचा उलटा प्रवास घडला. पुण्यात टाटांच्या टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाईल 207 ही पिकअप आणली आणि तिच्याच पायावर 1991 मध्ये सिएरा व त्यानंतर इस्टेट या मोटारी उभ्या केल्या. अमेरिकेत मोटारीची पिकअप झाली, पुण्यात पिकअपची मोटार.

एल कॅमिनोची खरी कीर्ती 1968 ते 1972 या पिढीची. साठच्या दशकात अमेरिकन कंपन्या मध्यम आकाराच्या मोटारीत प्रचंड व्ही-8 इंजिन बसवून ‘मसल कार’ विकत होत्या. शेव्हेलला मिळालेले इंजिन तिच्याच चेसिसवरच्या एल कॅमिनोलाही मिळाले. 1968 मध्ये एसएस (सुपर स्पोर्ट) 396 ही दमदार आवृत्ती आली. 1970 मध्ये 454 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 7.4 लिटरचे एलएस-6 इंजिन आले. कंपनीने त्याची ताकद 450 अश्वशक्ती सांगितली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 1,089 सीसीच्या इंजिनावर सुमारे 40 अश्वशक्ती काढत असे, यावरून या पिकअपचा आवाका कळतो. एक खुलासा हवा. त्या काळचे अमेरिकन आकडे इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा-सायलेन्सरसारखे भार न जोडता मोजलेले आहेत. 1972 पासून जोडणीसह ताकद सांगण्याची पद्धत आली आणि ही इंजिने कागदावर एकदम अशक्त दिसू लागली.

एवढी ताकद मागच्या चाकांना आणि वजन मात्र पुढे, ही या गाडीची मूळ अडचण. हौदा रिकामा असला की मागची चाके हलकी पडतात आणि ॲक्सिलरेटर दाबताच जागीच फिरू लागतात. ओल्या डांबरावर ती जपूनच हाकावी लागते.

अशी गाडी पूर्ववत करताना सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे जाते, पण पैसा खातो तो पत्रा. हौद्यात पावसाचे पाणी साचते आणि कोपऱ्यांच्या सांध्यांतून गंज धरतो. केबिनच्या पाठीमागे हौद्याच्या तळाला एक झाकण असते. ते काढले की खाली एक खोलगट कप्पा दिसतो. स्टेशन वॅगनमध्ये मागे बसणाऱ्यांचे पाय जिथे राहतात तीच ही जागा. हा कप्पा कुजलेला असेल तर वरचा चकचकीत रंग केवळ पुट्टीवर उभा आहे असे समजावे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर घडते आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमातासारख्या सखल भागात गाडी एकदा पाण्यात उभी राहिली की चेसिसच्या आतल्या बाजूचाही भरवसा उरत नाही.

इंजिनाचे प्रश्न वेगळे. ते शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेले. भारतात 2000 सालापासून असे पेट्रोल मिळत नाही, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्या लागतात. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट खराब होतात. तेही बदलणे आले.

खरेपणा तपासणे सर्वांत किचकट. 1969 पासून एसएस हा जादा पैशांचा पर्याय होता, त्यामुळे चेसिस नंबरावरून एसएस सहसा ओळखता येत नाही. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन कोड आणि कारखान्याचा मूळ बिल्ड शीट, म्हणजे जोडणीच्या तपशिलाचा कागद, हेच मुख्य पुरावे. हा कागद कधी कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. साध्या गाडीला बिल्ले लावून केलेल्या एसएस पुष्कळ आहेत.

भारतात हा खरेपणा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो आणि नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क पडते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतील इशारादर्शक यंत्रणाही लागते. म्हणून अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी मागचा फाळका खाली करावा, हौद्याच्या तळाचे झाकण काढून पत्रा पाहावा आणि मगच इंजिनाचा नंबर व कागद मागावेत.