बलकाची सही

'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं.' कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंढाणे लेण्यांत ही ओळ कोरलेली आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी, एका कामकरी कलावंताची सही.

चैत्यगृहाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, बाहेरच्या बाजूला, एका भल्यामोठ्या पुतळ्याचा उरलेला तुकडा दिसतो. डोकं माणसाच्या डोक्याच्या साधारण दुप्पट. नाक-डोळे पूर्ण झिजून गेलेत, पण डोक्यावरचं बांधलेलं वस्त्र, त्याच्या घड्या आणि वळसे कोरणाऱ्याने इतक्या निगुतीने काढलेत की आजही बोट फिरवावंसं वाटतं. (फिरवू नये.) या मूर्तीच्या डाव्या खांद्याच्या वर ती ओळ आहे. 'कतं' म्हणजे नेमकं काय केलं, ही मूर्ती की सगळं लेणं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला मूर्ती पटते. अख्ख्या इमारतीवर सही करायची तर माणूस दर्शनी कमानीखाली जागा शोधेल, एका पुतळ्याच्या खांद्याशी कशाला?

ही ओळ किती दुर्मीळ आहे ते कळायला सह्याद्रीतली बाकीची लेणी आठवावी लागतात. तिथे शिलालेखांना तोटा नाही, पण बोलतात ते बहुतेक दाते. घाट चढून कार्ल्याला गेलात तर वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, हे जंबुद्वीपातलं सर्वांत उत्तम शैलगृह आपण उभारलं, असं बिनदिक्कत सांगतो. बेडशाला नाशिकचा पुष्यणक भेटतो. कुणी खांब दिला, कुणी पाण्याची पोढी, कुणी भिक्षूंना राहायला खोली. टाकी कुणी चालवली याची नोंद क्वचितच. कार्ल्यालाच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केल्याचा उल्लेख आहे. असे मोजके अपवाद सोडले तर हा सगळा प्रांत पावत्यांचा. त्यात कोंढाण्याचा बलक दानाबिनाचं नाव काढत नाही. गुरूचं नाव, स्वतःचं नाव, आणि केलं. संपलं.

आता खरी गंमत. उत्तरेत मथुरेजवळच्या परखम गावात यक्षाची एक प्रचंड मूर्ती सापडली. ती आता मथुरेच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या लेखात हाच साचा आहे: कुणिकाचा शिष्य गोमितक, त्याने केलं. त्याच भागातल्या आणखी एका मूर्तीवर कुणिकाच्याच दुसऱ्या शिष्याचं, नाकाचं, नाव आहे. म्हणजे मथुरेकडे कुणिकाची एक कार्यशाळा, इकडे उल्हासच्या खोऱ्यात कण्हाची, आणि मधे हजार-बाराशे किलोमीटरचा मुलूख. तरी सही करायची रीत एकच. ती इथवर कोण घेऊन आलं? सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून माल घाटावर चढवणारे तांडे याच दऱ्यांतून जात. मालाबरोबर माणसं जातात आणि माणसांबरोबर हाताची वळणं.

त्या काळचे कारागीर एका धंद्यात अडकून पडलेलेही दिसत नाहीत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याचा गुबगुबीत, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावरचा लेख सांगतो की तो कण्हदास नावाच्या सोनाराने केला. सांचीच्या दक्षिण तोरणावरचं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचं आहे. बलकाच्या मूर्तीवरच्या त्या बारीक घड्या बघताना ही दोन्ही उदाहरणं आठवतात. कण्ह आणि कण्हदास एकच तर नसतील, असा मोहही होतो. तो आवरलेला बरा. कण्ह हे नाव तेव्हा चांगलंच चलनात होतं. नाशिकच्या लेण्यांत त्याच नावाचा एक सातवाहन राजा भेटतो.

बलक रोज नेमकं काय करत होता? त्याची रोजनिशी नाही, पण कातळावरचे टाकीचे घाव आहेत आणि इतर ठिकाणी अर्धवट सोडलेली लेणी आहेत. अर्धवट लेणं पूर्ण लेण्यापेक्षा जास्त सांगतं, कारण त्यात कामाचा क्रम उघडा पडतो. तो क्रम उलटा आहे. इमारत पायापासून वर जाते, लेणं आढ्यापासून खाली येतं. आधी डोंगराचा उभा चेहरा तासायचा, मग वरच्या कमानीतून आत शिरून छत कोरायचं. पायाखाली अजून कातळच असतो, तोच परांचीचं काम करतो. मग एकेक थर खाली उतरायचं, खांबांच्या जागा सोडत. स्तूप बाहेरून आणून बसवत नाहीत. त्याच्याभोवतीचा दगड काढून टाकला की तो उरतो.

कोंढाण्याचं चैत्यगृह आत साधारण ६६ फूट लांब आणि मधोमध २८ फूट उंच आहे. ढोबळ हिशेब केला तरी इथून काढलेला दगड दोन हजार टनांच्या खाली भरणार नाही. कर्जत-खोपोली रस्त्यावर खडीचे डंपर धावतात, तसे दहा टनांचे दोनशे डंपर. आणि हे सगळं लोखंडी टाकी आणि हातोडा यांनी. आपला काळा कातळ म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात टाकीची धार फार काळ टिकत नाही. म्हणून दगडफोड्यांच्या जवळपास लोहाराचा भाता पेटलेला असणार, टाक्या तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा हातात देणारा. बलकाचं नाव उरलं, त्या लोहाराचं नाही.

पुतळ्याचं काम त्याहून नाजूक. मातीत चुकलं तर माती पुन्हा लावता येते. इथे एक जास्तीचा टवका उडाला की तो उडालाच. लाव्ह्याच्या दगडात मधेच पोकळ्या लागतात, त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. कुठे दोन थरांच्या मधे लालसर, भुसभुशीत पट्टा येतो. घडी काढता काढता नेमक्या तिथेच अशी पोकळी लागली तर घडीला वळण देऊन ती चुकवायची. हे कुठल्या पोथीतून शिकता येत नाही, गुरूच्या शेजारी बसूनच शिकावं लागतं. सहीत स्वतःच्या आधी कण्हाचं नाव का आलं, याचं उत्तर मला इथे सापडतं.

कोंढाण्याच्या विहारात गेलात तर वर बघा. छताला तुळया आहेत, तुळयांवर वासे आहेत, सगळं चोख अंतरावर. आणि सगळं दगडाचं, त्याच अखंड कातळात कोरलेलं. या तुळया काहीही तोलत नाहीत. वरचा डोंगर स्वतःचा स्वतः उभा आहे. मग एवढी मेहनत कशाला? कारण या कारागिरांना ठाऊक असलेलं घर लाकडाचं होतं. सभागृह म्हटलं की तुळई हवी, कमान म्हटली की लाकडी फासळ्या हव्यात. चैत्यगृहातले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी खांबांना छताचा रेटा पेलायला तसा कल द्यावा लागे, दगडात त्याची काही गरज नाही. दर्शनी भागावर वेदिकेचे कठडे, जाळ्या आणि नाचणाऱ्या जोडप्यांच्या चौकटी आहेत, सगळं सुतारकामाच्या बोलीत. काही भाग तर खरोखरच लाकडाचे होते. ते बसवायच्या खाचा उरल्यात. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या छताला त्या जुन्या लाकडी फासळ्या अजून बघायला मिळतात.

आता कोंढाण्याहून खाली उतरा आणि खालापूर तालुक्यात चौकजवळ या. नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ मध्ये इथे एन. डी. स्टुडिओ उभारला. आशुतोष गोवारीकरांच्या 'जोधा अकबर' (२००८) मधला मुघल दरबार इथला, आणि 'राजा शिवछत्रपती' मालिकेतले गडकोटही. लाल वालुकाश्म, संगमरवर, काळा चिरा असं सगळं तिथे दिसायचं, आणि बोटाने टकटक केली की पोकळ आवाज यायचा. प्लायवूड, प्लास्टर, फायबर आणि वर रंगाऱ्याचा हात. कोंढाण्यात दगडाने लाकडाचं सोंग घेतलं, चौकला लाकडाने आणि प्लास्टरने दगडाचं. दोन शेजारच्या तालुक्यांत, दोन हजार वर्षांच्या अंतराने, एकच खेळ दोन्ही बाजूंनी खेळून झाला आहे, आणि एवढी बहार मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

देसाईही अंतेवासीच. १९८७ च्या सुमारास 'तमस'साठी ते कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली उभे राहिले आणि तिथून शिकत गेले. पुढे 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास' यांच्यासह चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. सिनेमाच्या श्रेयनामावलीत कलादिग्दर्शकाचं नाव येतं, सहायकांची येतात. साच्यातून खांब ओतणाऱ्यांची आणि खिळे ठोकणाऱ्यांची बहुधा नाहीत. त्या लोहारासारखीच गत. फरक इतकाच की सेटचं आयुष्य चित्रीकरण संपेपर्यंत, फार तर काही वर्षं. प्लास्टरला कर्जत-खालापूरचा पावसाळा सोसवत नाही. बलकाच्या बेसाल्टलाही तो पुरता सोसला नाहीच: पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो, आणि चैत्यातल्या बऱ्याच खांबांचे खालचे भाग केव्हाच गेलेत.

आधुनिक काळात ही लेणी विष्णुशास्त्री नावाच्या पंडितांनी एकोणिसाव्या शतकात नजरेस आणली. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं, तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. ओळीचा अर्थ डच पंडित कर्न यांनी लावला. बघायला जायचं तर कर्जतहून कोंदिवडे, मग कोंढाणे गाव, आणि पुढे जंगलातली चढण. धबधब्यासाठी लोक पावसाळ्यात गर्दी करतात, पण अक्षरांसाठी जायचं तर हिवाळ्यात जा. समोरून उजेड पडला की झिजलेली अक्षरं सपाट होऊन कातळात मिसळतात. विजेरी घ्या, दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, म्हणजे प्रत्येक खाचेची एक कड उजळते आणि दुसरीत सावली भरते. 'कण्हस' पासून सुरुवात करा. 'क' ओळखणं सोपं आहे, ब्राह्मीत तो अधिकच्या चिन्हासारखा दिसतो.