ढालींचा नाच

रणांगण आणि नाच यांची जोडी आपल्याला विजोड वाटते. प्राचीन ग्रीकांना ती तशी वाटत नसे. चिलखत चढवून, ढाल घेऊन नाचावयाच्या त्यांच्या नृत्याचे नाव 'पिर्रिके'.

ते प्रथम कोण नाचले, यावर त्यांचेच एकमत नव्हते. क्रोनस आपली पोरे गिळी. बाळ झ्यूसचे रडणे त्याच्या कानी पडू नये म्हणून क्रीट बेटावर कुरेटीस नावाचे वीर ढाली बडवीत नाचले, ही एक कथा. टायटनांना जिंकल्यावर अथेना देवी नाचली, ही दुसरी. ॲरिस्टॉटलच्या मते पॅट्रोक्लसच्या चितेभोवती अकिलीज प्रथम नाचला. ग्रीकमध्ये 'पिरा' म्हणजे चिता. व्युत्पत्तीचे पंडित पाहून घेतील, मला मात्र हीच कथा पटते. जिवलग गेल्यावर नुसत्या रडण्याने त्या वीराचे भागले नसेल.

प्लेटोचे वर्णन वाचले की या नाचातली कवायत दिसू लागते: वार चुकविणे, उडी मारणे, खाली वाकणे, मग भाला फेकल्याचा आविर्भाव.

आणि झेनोफनने सांगितलेला तो प्रसंग! इ.स.पू. 400 मध्ये परतीच्या वाटेवर ग्रीक सैनिकांनी पाफ्लागोनियाच्या वकिलांना मेजवानी दिली. तीत एका शिपायाजवळची नर्तकी हलकी ढाल घेऊन पिर्रिके नाचली. पाहुणे थक्क झाले. तुमच्या बायकाही लढतात काय, असे त्यांनी विचारले. इराणच्या सम्राटाला छावणीतून पळविले ते ह्यांनीच, असे सैनिकांनी ठोकून दिले. त्या नर्तकीचे नाव मात्र झेनोफनने लिहिलेले नाही.