चुलीपर्यंतची वाट

सरकारनें गरिबास सवलत दिली, एवढ्यानेंच ती त्याच्या चुलीपर्यंत पोंचत नाहीं. ती कशी घ्यावयाची हें त्याला कळावें लागतें. अमेरिकेंतील अन्नसाहाय्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

१९३९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं ही योजना प्रथम सुरू झाली, तेव्हां सरकारचें सांगणें रंगांतच होतें. गरजू कुटुंबानें एका डॉलरचीं नारिंगी तिकिटें विकत घेतलीं, कीं अर्ध्या डॉलरचीं निळीं तिकिटें फुकट मिळत. नारिंगी तिकिटांवर हवा तो खाद्यपदार्थ घ्यावा. निळ्यांवर मात्र सरकारनें शिलकी म्हणून ठरविलेलाच. निरक्षरासही हा भेद दुकानाच्या दारांत उमगावा!

पुढें तिकिटें गेलीं आणि गुप्तांक असलेलें कार्ड आलें. २००८ सालीं योजनेचें नांवही पालटून ‘स्नॅप’ असें झालें. २०१९ च्या एप्रिलांत न्यूयॉर्क संस्थानांतच इंटरनेटवरून खरेदीचा प्रयोग आरंभला. दुसऱ्याच वर्षीं कोरोनाच्या साथीनें लोकांस घरांत कोंडलें आणि तो झपाट्यानें पसरला. २०२३ सालीं अलास्का सामील होतांच पन्नास संस्थानें पुरीं झालीं.

आतां नुसत्या रंगानें काम भागेना. मध्यवर्ती कृषिखातें आपल्या संकेतस्थळावर संस्थानवार दुकानांची यादी देतें. खरी मेख आहे ती निराळीच. दूध, पाव, भाजी, मांस, फार काय, परसांत लावावयाचें भाजीचें बीं, हें सारें कार्डावर मिळतें. माल घरीं पोंचविण्याचा आकार मात्र त्यांतून देतां येत नाहीं. ज्या वृद्धेस दुकानापर्यंत जाववत नाहीं तिलाच या सोयीची गरज अधिक, आणि हातीं रोकड नसली तर नेमकें तिचेंच अडतें. हें वाक्य माहितीपत्रकाच्या माथ्यावर हवें, तळाच्या बारीक टायपांत नव्हे. मागणी घरून नोंदवून माल दुकानांतून स्वतः आणण्याची सोयही पुष्कळ ठिकाणीं असते. त्यानें पोंचवणावळ वाचते, वृद्धेचे पाय वाचत नाहींत.

कोणीं संदेश पाठवून गुप्तांक विचारला तर तो सांगूं नये, असेंही सरकार वारंवार बजावतें. या इशाऱ्याला आतां अधिक धार आली आहे. कारण कार्डावरून चोरीस गेलेल्या रकमेची मध्यवर्ती सरकारच्या पैशांतून होणारी भरपाई २० डिसेंबर २०२४ पर्यंतच्या चोऱ्यांपुरतीच होती.