उचलून हलवता येणारं कुंपण

कोल्हापूरकरांना अभयारण्य म्हटलं की दाजीपूर आठवतं. राधानगरीचं ते जंगल १९५८ साली अभयारण्य झालं. तिथं विश्रामगृह कुठं बांधायचं हे एकदा ठरलं की ठरलं, कारण जमीन जागची हलत नाही. समुद्रकाठी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. तिथं पर्यटक केंद्र कसं असावं, हे बघायला संपादकांनी मला घाट उतरवून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला धाडलं.

वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, २००२ मध्ये इथं ऑलिव्ह रिडले कासवांचं काम हाती घेतलं. पुढं कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे उतरतात गावकऱ्यांच्या घरात, जेवतात त्यांच्याच हातचं. स्वागतकक्ष, खानावळ, मुक्काम, सगळं गावात आधीच उभं होतं. किनाऱ्यावर घालायचं राहिलं ते एक कुंपण.

मी रेंगाळले ते त्या कुंपणापाशी. जाळीच्या आत खड्ड्यांच्या रांगा. तोंडाशी अरुंद आणि तळाशी मडक्यासारखे रुंद, मादी खणते तसेच. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पावलांचा माग काढून अंडी शोधतात आणि काही तासांत इथं आणून पुरतात. उशीर झाला आणि अंडं उलटसुलट झालं, तर आतला जीव दगावतो. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात. त्या बेतानं खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. मी होते तेव्हा टोपलीखाली नुसती वाळू निघाली. कासवमित्रानं ती तळव्यानं हलकेच चाचपली आणि टोपली होती तशी परत ठेवली.

दोन दिवसांची रजा टाकून आलेल्या माणसाला पिल्लं न बघता परतणं पचवणं जड जातं. गर्दी वाढेल तसा किनाऱ्यालगत पक्क्या इमारतीचा मोह होणार, आणि मला धास्ती आहे ती त्याचीच. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात. इमारतीच्या समुद्राकडच्या बाजूला एक दिवा लागला तरी ती वाट चुकतात. वाळू जास्त तापली की माद्याच जास्त निपजतात, म्हणून आज ना उद्या सावलीचा विचार करावा लागेल. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानं या पट्ट्यातली छपरं उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. जाळी-बांबूचं कुंपण पुढच्या हंगामात चार हात मागं घेता येतं. काँक्रीटचं जोतं कोण मागं घेणार? केंद्रासाठी पैसा आलाच, तर तो आधी पाहुणे उतरवणाऱ्या घरांच्या छपरांना, संडासांना आणि कासवमित्रांच्या बारमाही पगाराला लागावा.