पोळ्याच्या तोरणाखाली कन्फ्यूशियस

सिंदी मेघे ही वर्धा शहराला लागूनच वाढलेली वस्ती. (तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेली सिंदी रेल्वे ती वेगळी, बाहेरच्या माणसाचा इथे हटकून घोळ होतो.) शहर अंगाला आलं की गोठे कमी होतात. पोळा मात्र सुटत नाही. आणि पोळा नीट पाहिला, तर चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियस ‘ली’ म्हणून जे शिकवत होता, ते समजायला फार पोथ्या लागत नाहीत. ली म्हणजे विधी, रीत, मानमर्यादा, सगळं एकत्र.

पोळ्यात घडतं काय? आदल्या दिवशी बैलाला जेवणाचं आवतण देतात. मग न्हाऊमाखू घालून हळद-तुपाने खांद शेकतात. जू घासून घासून जिथे घट्टे पडतात, नेमका तोच खांदा. अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना बेगड, बाशिंग, झूल, नवी वेसण, नवा कासरा. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. संध्याकाळी आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची कवनं होतात, मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. मग बैल घरोघरी ओवाळून घेतात आणि बैल नेणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणी, पडते.

आता यातून बैलाला काय कळतं, असं कोणी विचारेल. कन्फ्यूशियसच्या परंपरेचं उत्तर असं, की विधी ज्याच्यासाठी करतो त्याच्यापेक्षा करणाऱ्यावर जास्त काम करतो. वर्षभर ज्या हाताने तुतारी टोचली, त्याच हाताला एक दिवस तोच खांदा शेकायला लावायचा. मनात कृतज्ञता दाटून येईल तेव्हा शेकू, असं म्हणत बसलो तर कधीच शेकणार नाही. हात आधी वळतो, मन मागून येतं. आवडता शिष्य येन ह्वेइ याने माणुसकी म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा गुरूने स्वतःला आवरून रीतीकडे परतायला सांगितलं. पाहणं, ऐकणं, बोलणं, वागणं, सगळं रीतीला धरून. म्हणजे शिकवण शरीरापासून सुरू होते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याच परंपरेतल्या श्युन्झीने याची यंत्रणा आणखी उघडून दाखवली. माणसाच्या इच्छांना अंत नाही, वस्तू मोजक्या. त्यातून भांडणं होतात, म्हणून प्राचीन राजांनी वाटण्या आणि मर्यादा घालून दिल्या. भावनांचंही तसंच. कोणाचं दुःख आवरत नाही, कोणाला दुःख होतच नाही. सुतकाची रीत पहिल्याला थांबवते आणि दुसऱ्याला थोडं पुढे ढकलते. हाच श्युन्झी पावसासाठी केलेल्या यज्ञाबद्दल बेधडक सांगतो, की यज्ञ केला नसता तरी पाऊस आलाच असता. तरी यज्ञ करावा. सामान्य लोक त्यात देव पाहतात, जाणत्यांसाठी ती आयुष्याला दिलेली शोभा आहे. इतका नास्तिक आणि इतका रीतीचा माणूस एकाच देहात क्वचित सापडतो.

मग रीत बदलायचीच नाही? इथे कन्फ्यूशियस आपल्या समजुतीपेक्षा लवचीक निघतो. विधीची टोपी जुन्या रीतीने तागाची हवी, पण लोक रेशमाची वापरू लागले होते. ती स्वस्त पडते, म्हणून त्याने मान्य केली. राजाला वंदन मात्र पायऱ्यांखालूनच करायचं. लोक वर चढून करू लागले, तो उद्धटपणा, म्हणून तिथे तो एकटा जुन्यावर राहिला. आपल्याकडेही तूप महागलं आणि खांद तेलाने शेकू लागले. ही टोपीची बाब. पण डीजे लावून बिथरलेल्या बैलाला गर्दीतून ओढत नेणं ही पायऱ्यांची बाब आहे. तिथे विधी राहतो, आदर जातो.

आणि बैलच नसतील तर? प्रतिपदेची घोषणा करण्याचा एक विधी कन्फ्यूशियसच्या लू राज्यात नावापुरता उरला होता. फक्त बळीची मेंढी जात असे. शिष्य झीगोंग म्हणाला, तीही बंद करू. गुरूने अडवलं: तुला मेंढीचं पडलंय, मला विधीचं. अवशेष टिकला तर मूळ परत आणता येतं. ट्रॅक्टरला हार घालणाऱ्यांना हसण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

विदर्भाने तर ही शिकवण मुलांच्या हाती देऊन ठेवली आहे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून रांगेत आणतात, दारोदार फिरतात, बोजारा मिळवतात. इतिहासकार सिमा च्यानने लिहिलं आहे, की लहानपणी कन्फ्यूशियस विधीची भांडी मांडून पूजापूजा खेळायचा. या पोरांत तो सहज खपला असता.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. त्याच्या ‘ली’मध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते, वर कोण आणि खाली कोण तेही. पोळ्यातही मानाची जोडी पुढे, तोरणाचा मान परंपरेने पाटलाकडे. ज्याने वर्षभर बैलाचं शेण काढलं तो गडी बाजूला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि त्या पद्धतीची लग्नं लावली, तेव्हा भटजी वगळला. पण हार, शपथा आणि मंगलाष्टकं ठेवली, तीही नव्याने लिहून. विधी ठेवून त्यातली उतरंड काढता येते, हे त्यांनी करून दाखवलं. तोरण तोडायचा मान दरवर्षी अशा एका गड्याला दिला तर पोळ्याचं काही उणं होणार नाही. गावाने बसून ठरवलं तर येत्या पोळ्यालाच जमेल.